खाटेखालची पाकिटं

"खाटेखाली दुकान लावलं का हो, रामाजी?" सिस्टरने वाकून पाहिलं आणि विचारलं.

बिस्किटांची तेरा पाकिटं होती. गावाहून, रोहण्याहून जो भेटायला आला, तो एक पाकीट घेऊन आला. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जातं?

"ताकदीचे आहेत म्हणते," रामाजींची बायको, कमलाबाई म्हणाल्या. "पाहा ना, गव्हाच्या लोंब्या आहेत याच्यावर."

"लोंब्या बाहेर आहेत, मावशी. आत मैदा, साखर अन् तेल. मशीनवर बसून दिवसभर हेच खात होते ना हे? शुगर काय उगाच चारशेवर गेली?"

रामाजी गावचे शिंपी. जेवायला उठलं की शिवण मागे पडतं, म्हणून मशीनच्या एका बाजूला दोऱ्याची रिळं आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटं नाहीतर शेवेचं पाकीट. एक दिवस सुईत दोरा जाईना. मग सुईच दिसेना. साखर उतरली की नजर बहुतेक साफ होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या 'बहुतेक'पाशी रामाजी आठ दिवस अडकून होते. साखर उतरली होती. माणसं मात्र अजून आवाजावरून ओळखावी लागत.

"आली रे बाप्पा एकदाची," दारातून आवाज आला. शेजारच्या तानाकाकू. सत्तरी ओलांडली तरी कापूस वेचायला जाणाऱ्या.

"वावरातून सिधी इकडेच आली, रामा. दुकानात थांबली असती तं गाडी सुटली असती. रिकाम्याच हातानं आली, राग नको मानू."

"राग?" रामाजी हसले. "आठ दिवसांत मले चालन अशी वस्तू तुमीच आणली, काकू."

"काय आणलं मी?"

"रिकामा हात. द्या इकडे. डॉक्टरनं जेवल्यावर चालाले सांगतलं. कमला हात धरते, पण वऱ्हांडाभर भांडते."

"भांडू नाई तं काय आरती करू?" कमलाबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तानाकाकूंनी हात दिला. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला, खरखरीत, घट्ट. दोघं वऱ्हांड्यात चालू लागली. काकू गावच्या गोष्टी सांगत होत्या. रामाजींच्या मशीनवर मांजर झोपून राह्यली होती. कोणाच्या तरी लग्नाचे सहा ब्लाऊज अडले होते, पण ती पोरगी म्हणे, शिवीन तं रामाकाकांजवळच.

दुसऱ्या फेरीला खिडकीपाशी रामाजी थांबले. काकूंचा हात त्यांनी हळूच उजेडात ओढला.

"काय झालं?"

"बाहीची टीप उसवली, काकू."

"कवाचीच उसवली. राहू दे."

रामाजींनी बाही डोळ्यांजवळ घेतली. जांभळ्या कापडावर जांभळाच दोरा. बोटाचं नख एकेका टाक्यावर ठेवत ते सरकले.

"चार टाके गेले," ते म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. "नाई. पाच."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"रडतो काऊन रे? पाचच टाके तं आहेत."