ब्रेकला पाजलेलं तेल

बरेच घाव सोसल्यावर होडीच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम एकदाचा सुटला. आतून असा काही भपकारा आला की भोईवाड्याहून आलेला वैभव मेकॅनिक नाक धरून मागे सरला. सखूबाईने मात्र नाक पुढे केलं. तो वास तिच्या ओळखीचा होता.

"मावशी, ह्याच्यात मासे ठेवलेले काय?"

"तेल हाय ते. मुशीच्या काळजाचं. दर पावसाआधी मीच पाजतंय."

"ब्रेकला? तेल?"

ट्रॉलीच्या दांड्यावर बसलेल्या तिच्या मुलाने, भावेशने, कपाळावर हात मारला.

सखूबाईला त्यात चुकलंसं काही वाटलं नाही. तिच्या नवऱ्याचा एकच मंत्र होता: खारं पाणी लागतं त्याला तेल लागतं. मुशी माशाचं काळीज कढवून काढलेलं ते तेल तो होडीच्या फळ्यांना चोळायचा, वल्ह्यांना चोळायचा, थंडीत स्वतःच्या गुडघ्यांनाही चोळायचा. माहीमच्या अख्ख्या कोळीवाड्याने नाक मुरडलं तरी बेहत्तर. तो गेल्यावर ते काम तिने अंगावर घेतलं. होडीचं झालं, वल्ह्यांचं झालं. मग चाकामागे एक भोक दिसलं. त्याला तरी उपाशी कशाला ठेवायचं?

वैभवने पान्याच्या टोकाने आतला काळा थर खरवडला. "हे तेल सुकलं की रोगण होतं, मावशी. वर खाऱ्या पाण्याचा गंज. लायनर ड्रमला चिकटून बसलाय. चाक फिरणार कसं?"

"पण आज होईल ना?" सखूबाईने विचारलं.

आज नारळी पुनव होती. बाकीच्या होड्या पताका लावून उतरायच्या तयारीत होत्या आणि हिची होडी जाम चाकांवर ठाण मांडून बसली होती. भावेशने स्वच्छ सांगून टाकलं होतं: आज उतरली तर उतरली, नाहीतर लोअर परळच्या हॉटेलवाल्याला हो म्हणतो. हॉटेलवाल्याला होडी मधोमध कापून तिच्यात बुफे मांडायचा होता. नवऱ्याने जिच्यात जन्म काढला तिच्यात पनीर टिक्का! सखूबाईचा जीव तीळतीळ तुटत होता.

पूर्वी ट्रॉली लागतच नव्हती. हाक पडली की गल्लीतले बाप्ये ताटावरून उठून यायचे, दोराला हात लावायचे आणि होडी गाणी ऐकत पाण्यात जायची. काय दिवस होते ते! त्यांची पोरं आता टॉवरांत कामाला. हाक मारली की खिडक्यांतून मोबाईल तेवढे बाहेर येतात, शूटिंग करायला. म्हणून तर नवऱ्याने ही ट्रॉली करून घेतली होती. पण उतार असा, की ब्रेक नसला तर होडी ट्रॉली ढकलणाऱ्या जीपलाही समुद्रात घेऊन जाईल.

"होईल," वैभव म्हणाला. "पण जुनं परत नाय बसवणार. ड्रम बाद. डिस्क आणल्यात, स्टीलच्या, खाऱ्या पाण्याला टिकतात. एकच सांगतो, हिला तेलाचा थेंब दाखवायचा नाय. तेल लागलं की ही पकडणारच नाय."

"ऐकलंस ना, आये?" भावेश म्हणाला. "आता तुला कायच करायचं नाय. तू निवांत बस."

निवांत बस! म्हाताऱ्या माणसाला याहून बेचैन करणारं वाक्य अजून कुणी बनवलेलं नाही. सखूबाई पायरीवर जाऊन बसली खरी, पण वैभवने आवळलेल्या प्रत्येक नटाबरोबर तिचे दात आवळले जात होते.

दुपारी भरती चढली तेव्हा दोन्ही चाकांचं काम उरकलं होतं. भावेश होडीत उभा राहिला. जीप ट्रॉलीला मागे मागे ढकलत उताराला लागली. अर्ध्यावर पोचल्यावर वैभवने ब्रेकचा दांडा ओढला. सखूबाईने डोळे मिटून घेतले.

काही वाजलं नाही. तिने डोळे उघडले तर होडी उतारावर जागच्या जागी उभी होती.

"धरला!" वैभव ओरडला.

सखूबाईने नारळ समुद्राला दिला. होडी पाण्यावर डुलायला लागली आणि भावेशने तिच्यातूनच फोन लावला. "नाय शेठ, होडी नाय द्यायची. तिला काम निघालं." हे ऐकून सखूबाई रडली, आणि रडत असल्याचं तिने लपवलंही नाही.

रिकामी ट्रॉली निथळत वर आली.

"आता गोडं पाणी मारायचं," वैभव म्हणाला. "समुद्रातून आली की दर वेळी. मीठ राहता कामा नये."

"मी मारू?"

"कोणीपण मारा, मावशी. पाईप असला तर बरं."

सखूबाई तोवर घरात पोचलीसुद्धा. नळाचं पाणी संध्याकाळी यायचं, म्हणून पिण्याचाच हंडा कमरेवर घेऊन ती आली आणि चाकापुढे उकिडवी बसली.

नवरा समुद्रावरून आला की पायांवर पाणी घेतल्यासारखं करायचा आणि रेतीसकट अंथरुणात शिरायचा. म्हणून त्याला दारात बसवून तीच त्याचे पाय धुवायची. बोटांच्या बेचक्यांतलं मीठ अंगठ्याने काढायची. तो पाय ओढून घ्यायचा, गुदगुल्या होतात म्हणायचा. आता ती तशीच, तांब्याने धार धरून, डिस्कच्या भोकाभोकांतून अंगठा फिरवत होती.

एक चाक लख्ख झालं. तांब्या पुन्हा हंड्यात बुडवून सखूबाई दुसऱ्या चाकाकडे सरकली आणि हळूच दटावून म्हणाली,

"दुसरा पाय दे."