काचेमागचा नंदी

भंडाऱ्याला एसटीतून उतरतानाच कौशल्याबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. आज चारचौघांत, संग्रहालयाच्या चंद्रकांताताईंपुढे सांगून टाकायचं, की तो नंदी माझा आहे.

तिची सासू पार्वताबाई काठी टेकत मागून येत होती. संग्रहालयात आज सत्कार सासूचा होता. करडी गावाहून निघताना म्हातारी दोनदा म्हणाली होती, “तू कायले येतं? घरीच राय.” कौशल्याबाईला त्याचं मुळीच नवल वाटलं नव्हतं. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवणाऱ्याला सोबत कशाला हवी?

चार वर्षांपूर्वी, एकोणऐंशी सालच्या तान्ह्या पोळ्यासाठी, तिनं आपल्या तेजरामला मातीचा नंदी करून दिला होता. गावची पोरं लाकडाचे नंदी मिरवायची, याचा मातीचा का असेना. पण पोळ्याच्या आधीच तापानं पोर गेलं. तिची शुद्ध हरपली ती हरपलीच. भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. दिवाळीनंतर परतली, तर नंदीचा कोनाडा रिकामा.

“भंडाऱ्याच्या ताईनं नेला,” सासूनं एवढंच सांगितलं होतं.

पुढे कळलं की ताईंनी वहीत नाव लिहून नेलं, पार्वताबाई. पोराची एवढी एक आठवण, तीही दिली, आणि वर स्वतःचं नाव लावलं! कौशल्याबाईनं ते गिळलं, पण चार वर्षांत पचवता आलं नाही.

दालनात पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली. कुणाची गोधडी, कुणी विणलेलं कोशाच्या रेशमाचं लुगडं, कुणी रंगवलेली चित्रं. सगळं बायकांच्या हातचं. घरात ज्याकडे कुणी वळूनही बघत नाही, ते इथं दिव्याखाली होतं. ताई वाचून दाखवत होत्या. प्रत्येक वस्तूखाली बाईचंच नाव, नवऱ्याचं कुठेच नाही. मोठमोठे साहेब देवळात बोलावं तसं हळू बोलत होते. कौशल्याबाईला वाटलं, चपला बाहेर काढायला हव्या होत्या.

चंद्रकांताताईंनी दोघींना मधल्या काचेच्या पेटीपाशी नेलं. “हा पार्वताबाईंचा नंदी. आमच्या दालनाची शान.”

नंदी मान किंचित वळवून उभा होता. कुणीतरी हाक मारली आहे आणि आता हा निघणार, असा. कौशल्याबाईच्या अंगावर काटा आला. मातीत एवढा जीव ओतणारे हात कुणाचे असतील?

मग तिच्या ध्यानात आलं. तिच्या नंदीची मान सरळ होती. पाय ओबडधोबड होते. एक शिंग आखूड होतं.

“हा मायावाला नाही,” ती पुटपुटली.

“नाही,” सासू म्हणाली. “म्या केला. तू माहेराहून येशीन त कोनाडा खाली दिसू नये म्हणून. तीनदा मोडला. मंग ताई आली, मांगू लागली. म्हटलं, नेऊ दे. तुनं पायला असता त तुयावाला नाही हे वळखलं असतं.”

कौशल्याबाई सासूकडे वळली. “मंग मायावाला नंदी कुठी हाय, आत्याबाई?”

म्हातारीनं काचेकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

“तुयावाला पोराच्या मुठीतून सुटूनच नव्हता राहिला, माय. त्याले मातीत द्याले नेलं, तवा म्या कोणाले सोडवू देल्ला नाही.”