सदतिसावी तक्रार

"तीन नंबरवरून चार नंबर लागत नाही," सासूबाईंनी चिठ्ठीवरची तक्रार वाचून दाखवली, स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ वीस मिनिटांवर लावलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

जेवणाच्या टेबलावर चार जुने कॉम्प्युटर, एक राउटर, सगळ्यांना एकत्र जोडणारा एक स्विच आणि त्यांच्यामध्ये वायरींचं जंजाळ. दोन महिने झाले, घरची मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. सुनेची नेटवर्किंगची परीक्षा उद्या सकाळी होती आणि ती लेखी नव्हती. तक्रारी हातात देतात, समोरचं नेटवर्क वेळेत चालू करून दाखवायचं. पास झाली की हॉस्पिटलातल्या चौकशीच्या खिडकीवरून उठून ती तिथल्याच नेटवर्क विभागात बसणार होती. मागच्या खेपेला ती हुकली ते एकाच गोष्टीनं. एक तक्रार मुळातच खोटी होती, सगळं नीट चालत होतं. पण परीक्षेत विचारलंय म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणारच, असं धरून ती दुरुस्त करत सुटली आणि चांगलं चाललेलं बंद पाडून आली.

घरी बिघाड करायचं काम सासूबाईंकडे होतं. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला खोडी कुठे काढायची हे शिकवावं लागत नाही. वायर किंचितच बाहेर ओढून ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला ती लागलेलीच दिसते, ही युक्ती त्यांची स्वतःची. पुढे पुढे तर कागदावर बघून एखादा आकडा मुद्दाम चुकीचा टाकायलाही त्या शिकल्या. आजवर छत्तीस बिघाड झाले होते आणि सुनेनं छत्तीसच्या छत्तीस शोधून काढले होते.

आज सदतिसावा. आज त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

सून कामाला लागली. आधी वायरी, एकेक चिमटीत धरून, दोन्ही टोकांपर्यंत. मग स्विचवरचे हिरवे दिवे. मग तिनं तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरून चार नंबरला हाक मारली. उत्तर आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. कपाळाला आठ्या घालून ती स्क्रीनकडे बघत राहिली.

आतून सासूबाईंचा मुलगा डोकावला. "काय अडलं? एकदा बंद करून चालू कर ना."

"तू भांडी घासत होतास ना? घास," सासूबाई म्हणाल्या.

बारा मिनिटं गेली. सुनेनं सगळे आकडे वहीशी ताडून पाहिले, ओळीवर बोट ठेवून. मग तिचा उजवा हात कीबोर्डवर गेला आणि सासूबाईंचा जीव खालीवर झाला. हा हात त्यांच्या ओळखीचा होता. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं, कोट खांद्यात घट्ट होतो म्हणालं, आणि यांनी मापही न घेता कात्री लावली. कोट कामातून गेला. गिऱ्हाइकानं त्या दिवशी आत दोन स्वेटर चढवले होते, हे मागाहून कळलं. ही गोष्ट त्यांनी अजून घरात कुणालाही सांगितलेली नव्हती.

'नको लावूस हात,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या तिथे त्या नसणार. तिथे असणार तिची स्वतःची धास्ती, तेव्हा त्या धास्तीच्याच वतीनं सासूबाई बोलल्या.

"पाच मिनिटं उरलीत. काहीतरी कर की. नुसती काय बसलीस?"

सुनेनं हात उचलला. मांडीवर ठेवला. दुसरा त्याच्यावर ठेवला.

"आई, काही बिघडलेलं नाही."

"तक्रार आलीये ना पण?"

"आली असेल. मी सगळं तपासलंय. चालू आहे."

"आणि चुकलीस तर?"

"तर तपासण्यात चुकले असेन. पण उगाच हात लावणार नाही मी."

उरलेली पाच मिनिटं दोघी तशाच बसून राहिल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. सुनेची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती, पण हात मांडीवरून हलले नाहीत. सासूबाईंना छत्तीस बिघाड शोधल्याचं कौतुक होतंच. आज मात्र त्यांचा ऊर असा भरून आला की घड्याळ वाजलेलंही त्यांना चटकन कळलं नाही.

त्यांनी बिघाडांच्या यादीची वही ओढली आणि सदतिसाव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. सून खुणेकडे बघत राहिली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली.

"ऊठ आता. पाठ आखडली असेल. जरा आडवी हो," एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

सून आतल्या खोलीत गेल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. कशी चाललीये तयारी, बहिणीनं विचारलं.

"काही विचारू नकोस. एवढा पसारा समोर पडलेला, आणि ही हातावर हात ठेवून बसून. मी इतकं टोचलं, पण इकडची काडी तिकडे केली नाही बघ."

"आणि तू ऐकून घेतलंस?" बहीण उसळली. "तोंडावर काही बोलली नाहीस तिला?"

"तोंडावर बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं मला." सासूबाईंनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी चढवला. "म्हणून तर तुला एवढ्या मोठ्यानं सांगतेय."