रिकामं कोंदण

“बाबा, तुम्ही आतून कड ठेवलीत?” सुनेने डोळ्यावरचं भिंग काढलं.

सोनार पकडला गेला. तिने चांदीचं पेंडंट घडवायला सांगितलं होतं. बर्फाला तडे जावेत तशी जाळी आणि मधोमध गोल, मोकळी खिडकी. त्याने त्या गोलाच्या आत, खडा बसेल अशी केसाएवढी कड गुपचूप सोडली होती. डबीतलं सर्वांत चांगलं माणिकही काढून ठेवलं होतं.

“रिकामं कोंदण दुकानाबाहेर गेलं, तर लोक म्हणतील म्हाताऱ्याच्या हातून खडा पडला.”

“कोंदण नाही हो, खिडकी आहे ती.” तिने पुन्हा तो फोटो पुढे केला. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातली जुनी बाग. पांढऱ्या भिंतीत ओळीने खिडक्या, प्रत्येकीची जाळी निराळी. एकीला तर जाळीच नाही, नुसता गोल. पलीकडे बांबूची एक फांदी.

“भिंतीला भोक पाडायचं आणि शेजाऱ्याची फांदी आपली म्हणायची,” तो पुटपुटला. “बरी युक्ती आहे.”

तिला हसू आलं नाही. प्रदर्शनात तिच्या नावाने मांडली जाणारी ही पहिलीच वस्तू. न्यायला माणूस तीनला येणार होता आणि पावणेतीन झाले होते. “हात तुमचा आहे,” ती म्हणाली. “माणिक हवंच असेल तर लावा.” आणि तिने तोंड फिरवलं.

तेवढ्यात दोन जिने चढून, धापा टाकत बायको चहा घेऊन आली.

“बैस जरा,” त्याने स्टूल ओढलं. “लाल शोभेल का बघू दे.”

“चाळीस वर्षं झाली, माझा गळा म्हणजे तुमची खुंटी!” म्हणत तिने मान वर केली.

पेंडंट बरोबर गळ्याच्या खळगीवर टेकलं. चष्मा सावरत तो पुढे वाकला आणि तसाच थांबला. खिडकीच्या आत काहीतरी हलत होतं. सुरकुतलेली, पातळ कातडी किंचित वर येत होती, खाली जात होती, पुन्हा वर येत होती. इतकी वर्षं त्याने हा गळा सोन्याने झाकला होता. तिथे उडणारी तिची नाडी त्याने कधी पाहिली नव्हती.

सुनेने चिमट्यात माणिक धरून पुढे केलं. त्याने हातानेच नको म्हटलं.

“अहो, सांगा तरी,” बायको म्हणाली. तिला स्वतःचा गळा दिसत नव्हता. “एवढे टक लावून बघताय, असा कुठला खडा बसवलाय?”

“बोलू नकोस,” तो हळूच म्हणाला. “अजून थोडं बघू दे.”