एक चूल, एक परवाना

पालिकेच्या साहेबांनी परवाना मागितला तेव्हा आक्का हसलीच.

"कुणाला विचारताय साहेब? या परवान्यापायी तुमच्या ऑफिसचे जिने मीच झिजवलेत."

"म्हणून तर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो," साहेबही हसले. "आजची बोहनी तुमच्यापासून."

बागेच्या भिंतीला लागून कलिंगडांची रास होती. सकाळीच टेम्पो रिता झाला होता. आक्काने खाली ओली पोती अंथरली होती आणि एक कलिंगड कापून लालभडक फोड दर्शनी ठेवली होती. दर उन्हाळ्यात ती इथेच बसायची. शेजारी तिची धाकटी जाऊ टोप्या विकायची. पूर्वी या हंगामी धंद्यासाठी सतरा दारं पुजावी लागत. अग्निशमनवाले वेगळे, आरोग्यवाले वेगळे, रस्त्याचे साहेब आणखी वेगळे. शेवटचा शिक्का बसेपर्यंत कलिंगडंही संपायची आणि उन्हाळाही. आक्काने फूटपाथवरचे सगळे विक्रेते गोळा केले, ऑफिसात ठाण मांडलं, आणि यंदा एका अर्जात काम होऊ लागलं. अर्ज मोबाइलवरून. आक्काचं आणि मोबाइलचं वाकडं. तिने आपला फोटो धाकटीच्या हाती दिला होता आणि सांगितलं होतं, "दोघींचंही टाकून दे गं."

"धाकटी घेऊन येतेय," ती साहेबांना म्हणाली. "ती बघा, आलीच."

धाकटीच्या गळ्यात निळ्या दोरीचं कार्ड होतं. साहेबांना पाहून ती मध्येच थबकली, मग सावकाश पुढे आली. साहेबांनी कार्ड हातात घेऊन वाचलं. राशीकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"कलिंगडं तुमची का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"तिच्या टोप्या," आक्का मध्येच म्हणाली. "कलिंगडं माझी. माझं कार्ड कुठाय गं?"

धाकटी टोप्यांच्या गाठोड्याची गाठ सोडायला बसली. गाठ काही सुटेना.

"आक्का," साहेबांनी आवाज खाली आणला, "तुमच्या पत्त्यावर हे एकच कार्ड निघालंय. नाव यांचं. माल कलिंगड."

"मग त्या मोबाइलनेच घोळ घातला असणार. दोन अर्ज होते साहेब."

"दोन कसे असतील? एक चूल, एक परवाना. सभेत तुम्हीच तर उभं राहून मांडलंत."

मांडलं होतं खरं. कुणा बड्या दुकानदाराने बायको, मेहुणा, साडू अशी नावं लावून अख्खा फूटपाथ गिळू नये, म्हणून. तेव्हा केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. दोघी जावांचे धंदे दोन, म्हणजे परवानेही दोन, असं आक्का धरून चालली होती.

ती धाकटीकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"अर्ज भरतानाच. पहिल्यांदा तेच विचारतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तूच घे." धाकटीने मान वर केली नाही. "मग मला घेववलं नसतं."

खरंच, आक्का तसंच म्हणाली असती.

"आणि टोप्यांवर भागत नाही हो आक्का," धाकटीला आता कंठ फुटला. "टोपी एकदा घेतली की माणूस तीन उन्हाळे परत फिरकत नाही. आम्ही चौघं खाणारे. तुमचं काय, तुम्ही एकट्या."

आक्का आजवर त्या घरात पाच माणसं धरत आली होती. पीठ भिजवताना पाच, अंथरुणं घालताना पाच. धाकटीची दोन्ही पोरं तिच्याच कुशीत वाढली होती. तिने हात फडक्याला पुसले. ते मघाशीच पुसून झाले होते, तरी पुन्हा पुसले.

"तुम्ही कुठे जाऊ नका," धाकटी घाईघाईने म्हणाली. "माझ्या शेजारीच बसा. आतून कुठलं पिकलंय, मला काय कळतंय? तुम्ही नुसतं निवडून द्या."

आसपासच्या विक्रेत्यांचे कान इकडेच लागले होते. साहेब अवघडून गेले. "हे बघा, एक वाट आहे," ते म्हणाले. "आमच्या चुली वेगळ्या आहेत, एवढं दोघींनी लिहून द्या. दुसरं कार्ड मी काढून देतो. तपासायला घरी कुणी येत नाही."

"देऊ की!" धाकटीचा चेहरा एकदम खुलला. "आत्ता देते लिहून. हो की नाही आक्का? काय, चार शब्द खोटे लिहायचे, एवढंच ना."

"खोटे कशाला?" आक्का म्हणाली.

धाकटी हसायला गेली, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

आक्काने सुरी पुसून तिच्या पुढ्यात ठेवली आणि रस्ता ओलांडला. पलीकडे भांड्यांचं दुकान होतं. जुना दुकानदार तिला ओळखत होता. त्याने न विचारताच मोठ्या पातेल्यांची चळत पुढे ओढली.

"एवढं मोठं नको."

"मग? किती माणसांचं दाखवू?"

आक्काने मागे वळून पाहिलं. गिऱ्हाईक आलं होतं. धाकटी एका कलिंगडावर थाप मारून, कान लावून बसली होती.

"एकीपुरतं," आक्का म्हणाली.