नाव तेच, ठिकाण वेगळं

"पण सर, माणूस पुण्याच्या ऑफिसातून इथं आला, तर त्याच्या लॅपटॉपचा पत्ता बदलायला नको?" मिनलने विचारलं. ती नवीनच रुजू झाली होती.

"तीच तर गंमत आहे." जितेंद्रने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "आपल्या नेटवर्कात नाव वेगळं ठेवलंय, ठिकाण वेगळं. यंत्र कुठंही न्या, नाव तेच. आत्ता ते कुठं जोडलंय, तेवढं हा नकाशा सांगतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गुरुवार होता. भिवापूरच्या रुखमाबाई लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय गुरुवारचा उपास सोडत नसत.

"जेवला का गा जितू?"

"हो वं माय. तू?"

"आता सोडीन. अंगणात मिरच्या वाळू घालून राहिली."

नागपूरच्या मिहानमधल्या त्या ऑफिसवरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली, फोनमध्येही तीच घरघर घुमली. जितेंद्रने घाईने फोनवर हात धरला.

"शेजारचा बाबाराव सांगे, जितूले मिहानच्या गेटवर पाह्यलं म्हणून."

जितेंद्रने मिनलकडे पाठ केली. "दुसरा कोणी असंल, माय. मी बंगळूरलेच आहो."

"मी बी तेच म्हटलं त्याले. बरं, ठेव. कामात असशील."

बदली होऊन नागपूरला आल्याला वर्ष होत आलं होतं. सांगितलं तर आई राहायला येईल, नऊवारी नेसून सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभी राहील, आल्या-गेल्याला 'कोणाचा गा तू?' विचारील. एवढ्याचीच त्याला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटत होती. मिनलने सगळं ऐकलं होतं, आणि ती उगाच कीबोर्डकडे बघत होती.

रविवारी भिवापूरला जायचं, त्याने मनाशी ठरवलं. पाया पडून खरं सांगायचं, आणि तिला घेऊनच यायचं.

"सर," मिनल हलकेच म्हणाली, "यंत्र आपल्या वायफायच्या टप्प्यातच नसलं तर?"

"तर नुसतं 'बाहेर' असं येतं. थांब, दाखवतो."

आईला दिलेला फोन त्याचाच, ऑफिसचा जुना. नेटवर्कातून त्याचं नाव काढायचं राहूनच गेलं होतं. त्याने ते नाव टाकलं आणि बटण दाबलं.

'बाहेर' आलं नाही.

नागपूर, हीच इमारत, तळमजला, पाहुण्यांची खोली.