गुडघ्याचं सोंग

नवरा लोखंडी कपाट घेऊन जिना चढत होता आणि बायको एक वळण मागे राहून त्याचा गुडघा बघत होती. कपाटाची खालची बाजू त्याच्याकडे होती, म्हणजे सगळा भार त्याच्यावर. वरच्या बाजूचे दोघे नुसतेच ओरडत होते. गुडघा मात्र ठणठणीत.

हाच गुडघा नव्या घरी साधी भाजीची पिशवी उचलू देत नसे. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला होता. "गुडघ्यात तर काही दिसत नाही," ते म्हणाले आणि चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हापासून तिला खात्री होती की कुठेतरी पाणी मुरतंय. दर रविवारी स्वारी 'शेक घ्यायला' म्हणून बाहेर पडे आणि येताना शीळ घालत येई. शेक घेऊन शीळ घालणारा माणूस तिनं अजून पाहिला नव्हता.

म्हणून आज ती मागावर निघाली होती. तेही स्वतःच्या पायाचा अंगठा सांभाळत. तिचं दुखणं खरं होतं. नख आत वाढलं होतं, बोट सुजलं होतं, चादरीचं टोक लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. कुणालाही मोजा काढून दाखवावं असं दुखणं होतं ते. सोंग नव्हतं.

दुसरी बाई, पत्त्यांचा अड्डा, वाटेत तिनं काय काय मनात धरलं होतं. नवरा शिरला तो त्यांच्याच जुन्या इमारतीत. निघालं काय, तर पूर्वीच्या शेजारच्या मावशींचं कपाट. ते लिफ्टमध्ये मावत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर कपाट टेकलं. माणसं आत गेली. तो घाम पुसत पायरीवर बसला आणि ती समोर जाऊन उभी राहिली.

"गुडघा अगदी तरणाताठा झाला की हो."

तो दचकला. मग ओशाळला. "तुला खोटं वाटेल. इथं दुखत नाही. घरीच दुखतो."

"घरी काय काटे पेरलेत? इतकी चांगल्या वळणाची माणसं. लिफ्टपाशी गेलं की 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून बाजूला होतात."

"होतात ना. दारावर आडनावाची पाटी लावली तेव्हापासून होतात. एकदा तरी कुणी आपल्याबरोबर लिफ्टमध्ये आलंय? आठव बरं. म्हणून तर मी जिन्यानं येतो. आणि पहिल्याच पायरीला गुडघ्यात कळ येते."

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला समोरच्या घरातली बाई आठवली. दोन्ही हातांत जड पिशव्या, पाठ वाकलेली, आणि तरी हसून 'तुम्ही व्हा पुढे' म्हणणारी. त्या दिवशी तिला त्या बाईचं केवढं कौतुक वाटलं होतं. घरी येऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलंही होतं. तो गुडघा चोळत बसला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यावर, त्या बाईवर की स्वतःवर, ते ठरवत न बसता ती तरातरा लिफ्टकडे गेली.

लिफ्ट आधीच गच्च भरलेली होती. सवयीनं ती मागे सरली.

"अगं ये, मावतेस," असं म्हणत कुणीतरी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची छत्री पाठीत. दार लागलं, लिफ्टनं हिसका दिला आणि शेजारच्या धिप्पाड माणसाचा बूट नेमका तिच्या अंगठ्यावर पडला.

"अरेरे, लागलं का हो वहिनी?"

तिनं डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले आणि कळ यायची वाट पाहिली.

तळमजला आला. सगळे बाहेर पडले. ती मात्र तिथंच उभी राहून आपल्या अंगठ्याकडे संशयानं बघत राहिली.